अभिप्रायाचे पहिले पान आणि अडकलेला इसार

जळगाव शहराच्या हद्दीच्या टोकाला मंगल कार्यालय किंवा लॉनसाठी जमीन शोधणाऱ्यांना एक वाक्य हमखास ऐकवले जाते: "जमीन ग्रीन झोनमध्ये आहे, पण मंगल कार्यालयाला अटींवर मंजुरी मिळालेली आहे." या वाक्यावर आणि सोबत दाखवलेल्या कागदावर विसंबून माझ्या मावसभावाने व मी एका दलालाकडे इसारापोटी मोठी रक्कम दिली. ती अद्याप परत मिळालेली नाही. दाखवलेला कागद बनावट नव्हता आणि फसवणुकीची सारी ताकद त्यातच होती, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

दलालाने सांगितलेला नियमही खराच होता. डिसेंबर २०२० मध्ये राज्याच्या बहुतेक भागांसाठी लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत शेती विभागातही, म्हणजेच ग्रीन झोनमध्येही, काही वापर अनुज्ञेय ठरवले आहेत, आणि मंगल कार्यालय व लॉन हा त्यांपैकी एक आहे. मात्र किमान क्षेत्र, बांधकामाचे मर्यादित चटईक्षेत्र, वाहनतळ, पोहोचरस्ता अशा अटी पूर्ण झाल्या तरच तो वापर करता येतो.

आम्हाला दाखवलेल्या पत्रावर जावक क्रमांक होता, शिक्का होता, गट क्रमांकही सातबाऱ्याशी जुळत होता. "सदर जागेत मंगल कार्यालय हा वापर पुढील अटींच्या अधीन राहून अनुज्ञेय आहे" या वाक्यावर पान संपत होते. दलाल म्हणाला, "दादा, परवानगी तर हातातच आहे, फक्त तुमच्या नावावर करून घ्यायची."

पुढची पाने माहितीच्या अधिकारात मिळाली. १० रुपयांच्या शुल्कात होणारे हे काम आहे, आणि माहिती देण्यासाठी कायद्याने साधारणपणे ३० दिवसांची मुदत आहे. ते पत्र म्हणजे आधीच्या एका इच्छुकाने मागवलेला केवळ अभिप्राय होता, म्हणजे त्या जागेत कोणता वापर चालू शकेल याबद्दल कार्यालयाने दिलेले मत. हा अभिप्राय म्हणजे विकास परवानगी नव्हे, त्यासाठी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४४ खाली स्वतंत्र अर्ज करावा लागेल, असे दुसऱ्या पानावर स्पष्ट लिहिलेले होते. पोहोचरस्त्याच्या रुंदीचा पुरावाही मागितलेला होता, आणि प्रत्यक्षात त्या शेतात जायला दोन बांधांमधला गाडीरस्ता सोडून दुसरी वाट नव्हती. लग्नसराईत वऱ्हाडाच्या गाड्या, वरण-बट्टीच्या पंगतीसाठी येणारे पाण्याचे टँकर आणि वेळ आलीच तर अग्निशमनाचा बंब त्या वाटेने कसा जाणार होता? रस्त्याची अट लोकांच्या जिवासाठी आहे. तिला कागदोपत्री अडथळा म्हणणाऱ्या दलालाचा मला आजही संताप येतो.

रस्त्याबद्दल विचारताच त्याने आणखी पैसे मागितले आणि रस्ता नकाशात बसवून, हवे असल्यास झोनही यलो, म्हणजे रहिवासी, करून आणण्याची हमी दिली. मंजूर विकास योजनेत असा बदल करायचा तर त्याच अधिनियमाच्या कलम ३७ प्रमाणे सूचना प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात आणि शेवटी शासनाची मंजुरी लागते. कोणत्याही दलालाला तो आपल्या हमीवर करून देता येत नाही. तिथेच आम्ही थांबलो आणि थेट जमीनमालकाकडे गेलो.

ते वयस्कर शेतकरी आहेत. त्यांना इसाराची कल्पनाच नव्हती. आम्ही केवळ शेत बघायला आलेली मंडळी आहोत, असे त्यांना सांगण्यात आले होते. नोटरी केलेल्या सौदापावतीवर त्यांची सही नव्हती. मालकाने आपल्याला अधिकार दिल्याचे दलालाने तीत लिहिले होते, पण तसे मुखत्यारपत्र कधी झालेलेच नव्हते.

खऱ्या परवानगीत कलम ४५ खालचा आदेश असतो, त्यासोबत शिक्का मारलेला मंजूर नकाशा असतो, आणि तिची मुदत मुळात एक वर्षाची असून पुढे ती वाढवून घ्यावी लागते. म्हणून "मंजुरी आहे" असे कोणी म्हणाल्यास आदेश, नकाशा आणि तारीख या तिन्ही गोष्टी मागाव्यात, आणि पत्राच्या सर्व पानांची प्रत जावक क्रमांक देऊन संबंधित कार्यालयातूनच घ्यावी. दलालाकडची झेरॉक्स पुरेशी मानू नये. इसार मालकाच्या समक्ष, त्याच्या बँक खात्यातच भरावा.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली आम्ही पोलिसांत तक्रार दिली आहे आणि शेतकऱ्यानेही आपला जबाब नोंदवला आहे. धरणगाव आणि भुसावळकडच्या काही ओळखीच्या लोकांनाही तेच पहिले पान दाखवले गेल्याचे आता समजले आहे. ज्यांच्याकडे असे एकच पान असलेले पत्र आले असेल, त्यांनी ते फाडून न टाकता पैसे दिल्याच्या पुराव्यासह आपल्या पोलीस ठाण्यात द्यावे.