चोरबाजारातले जुने रेझर, काही महिने रोज वापरून झाल्यावर

आधीच सांगतो, मी रेझर जमवणारा कलेक्टर नाही. काचेच्या कपाटात रेझर मांडून ठेवणारे लोक असतात, त्यांच्याशी माझं काही भांडण नाही, पण मला रोज सकाळी लोकलच्या आधी दाढी उरकायची असते आणि त्या कामाला जुना रेझर चालतो का एवढंच बघायचं होतं. उन्हाळ्यात मुंबईच्या चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवरून दोन उचलले. एक जिलेट कंपनीचा टेक, तीन तुकड्यांचा, म्हणजे टोपी, खालची प्लेट आणि दांडा. दुसरा बटरफ्लाय, खालची फिरकी फिरवली की डोक्यावरची दोन दारं उघडतात तो, बहुतेक इंग्लिश बनावटीचा, नाव पार झिजलेलं. पावसाळा गेला, दिवाळी पण झाली, आता लिहायला हरकत नाही. टेक रोजच्या वापरात आहे, बटरफ्लाय ड्रॉवरमध्ये पडलाय.

पहिलं म्हणजे ओळखायचं कसं. तिथे प्रत्येक रेझर "साहब, अंग्रेज़ के ज़माने का" असतो, मग तो कालपरवा बनलेला का असेना. त्यामुळे विकणाऱ्याचं ऐकून घ्या, मान डोलवा आणि रेझर उघडून प्लेट उलटी करा. जे काय खरं आहे ते तिथे लिहिलेलं असतं. माझ्या टेकच्या प्लेटवर जिलेटचं नाव आणि मेड इन इंग्लंड, अक्षरांच्या खाचांत साबणाचा पांढरा थर दगडासारखा बसलेला, पण मोबाईलचा टॉर्च तिरका मारला तर अक्षरांच्या कडा एकदम धारदार दिसत होत्या. हे महत्त्वाचंय. कारण बरेच जण जुना माल घासून, परत मुलामा चढवून चकाचक करून विकतात, आणि तसं केलं की अक्षरं बुजल्यासारखी, गोलसर होतात, खालचे खड्डे मात्र चकाकीच्या आतून दिसतच राहतात. डाग पडलेला पण अक्षरं साफ असलेला रेझर मी कधीही घेईन, चकचकीत आणि बुजलेला नाही.

अमेरिकन जिलेट मिळाला तर डोक्याच्या खालच्या बाजूला एक अक्षर आणि एक आकडा शोधा. पन्नासच्या दशकापासून ते असा कोड मारायचे, ए म्हणजे १९५५, बी म्हणजे १९५६, तसं पुढे, आणि आकडा म्हणजे वर्षातली तिमाही. म्हणजे ए २ दिसलं तर १९५५ चा एप्रिल ते जून. बटरफ्लायमधला सुपर स्पीड १९४७ ला आला, त्यातल्या सुरुवातीच्या काही वर्षांच्या पीसवर हा कोड नसतोच, तेव्हा कोड नाही म्हणून लगेच डुप्लिकेट ठरवू नका. टेक तर १९३८ पासूनचा आहे आणि कित्येक वर्षं बनत राहिला, त्यामुळे टेक बऱ्यापैकी सापडतो आणि म्हणूनच त्याला फार पैसे मोजायची गरज नाही. बिननावाचे पण ढिगाने असतात. जिलेटचं मूळ पेटंट १९०४ चं, ते १९२१ ला संपलं, मग काय, तीन तुकड्यांचा रेझर बनवायला सगळे मोकळे. बिननावाचा म्हणजे वाईट असं अजिबात नाही, फक्त "एंटीक" म्हणून त्याचे पैसे देऊ नका.

धातू कसा बघायचा, तर छोटं लोहचुंबक खिशात ठेवा. खटकन चिकटलं तर लोखंड आहे, सोडून द्या, मुंबईच्या हवेत ते टिकणार नाही. चांगले जुने रेझर आतून पितळेचे, वर निकेल नाहीतर क्रोम. मुलामा उडालाय तिथे नीट बघा, पिवळं दिसलं तर पितळ, राखाडी दिसलं तर जस्ताचं ओतकाम, आणि ते एकदा आतून फुगायला लागलं की त्याला इलाज नाही. मग दांड्याचे आटे. फिरवताना अडखळणं चालेल, ती घाण असते, पण आटे घसरत असतील तर परत ठेवा. पोकळ दांड्याला उभी चीर आहे का ते नखाने चाचपून बघा, जुन्या पोकळ दांड्यांचं हे नेहमीचं दुखणं आहे. दातेरी असेल, म्हणजे पात्याखालची कड फणीसारखी, तर सगळे दात एका रेषेत आहेत का. आणि खिशात एक साधं ब्लेडचं पाकीट न्या, तिथल्या तिथे पातं लावून डोळ्यासमोर आडवं धरा, दोन्ही बाजूंना पात्याची कड सारखी बाहेर यायला हवी. दुकानदार तोंड वाकडं करतो, करू दे.

पातं लावून बघण्याचा दुसरा फायदा म्हणजे भलतंच काही गळ्यात पडत नाही. एकधारी रेझर असतात, त्यांना जाड, एका बाजूचं पातं लागतं, ते आपल्या मेडिकलवाल्याकडे मिळायचं नाही. आणि रोल्स रेझर! चपटी धातूची डबी, एका झाकणात दगड, दुसऱ्यात चामडं, पातं आतच पुढेमागे सरकवून धार लावायची, दुकानदार ते खर्रखर्र करून दाखवतो तेव्हा कोणीही फिदा होईल. ती इंग्लिश कंपनी शेवटी वॉशिंग मशीन विकायला लागली आणि १९६४ ला बुडाली. शोभेला घ्या, दाढीला नको. जुन्या तीन भोकांच्या पात्यांच्या जमान्यातला दुधारी जिलेट मात्र बिनधास्त घ्या, आजचं पातं त्यात व्यवस्थित बसतं.

घरी आणल्यावर आईचा पहिला प्रश्न, "कोणाकोणाच्या दाढ्या झाल्यात त्याने, आणि तू तो तोंडाला लावणार?" प्रश्न रास्त आहे. मी सगळे भाग सुटे करून कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विड साबणात भिजवून ठेवले, जुन्या टूथब्रशने घासले, कोपऱ्यातली हिरवी बुरशीसारखी घाण टूथपिकने काढली, शेवटी मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणून त्यात बुडवले. चिंच, पितांबरी हे पितळेच्या भांड्यांना, मुलामा दिलेल्या रेझरला नाही, आणि सोनेरी रंगाचा असेल तर नुसता कपडा आणि साबण, त्यावरचं सोनं फार पातळ असतं. कुकरमध्ये उकळायची आयडिया पण डोक्यातून काढा, दांडा बेकलाइटचा निघाला तर तडकेल.

आता वापर. टेक एकदम सौम्य आहे. कार्ट्रिजची, म्हणजे अख्खं डोकंच बदलायच्या आजच्या रेझरची, सवय असलेल्या माणसाला पहिल्यांदा वाटतं की हा कापतच नाहीये, मग तो दाबतो, मग कापतं, पण गालाला. दाबायचं नाही, रेझरचं स्वतःचं वजन पुरतं. टोपी गालाला टेकवून दांडा हळूहळू खाली आणायचा, पातं केसाला लागलं की साधारण तीस अंश, तिथे थांबायचं. केस ज्या दिशेने वाढतात त्या दिशेने एक हात, परत फेस, मग आडवा हात, बस. मानेवर उलटा हात मी मारतच नाही. कार्ट्रिजने मानेवर जे लाल पुरळ यायचं ते गेलं, ही सगळ्यात मोठी कमाई. नंतर तुरटी, जी आपल्या सलूनवाल्याकडे कायम असतेच.

पात्यांत सेव्हन ओ क्लॉक माझ्या दाढीला बसलं, टोपाझ पण ठीक, हे ज्याचं त्याने बघावं कारण दाढी आणि पातं यांची जोडी जुळावी लागते. पालिकेच्या तलावांचं पाणी हलकं असल्यामुळे ब्रशने फेस मस्त होतो. आमच्याकडे मध्ये काही दिवस टँकर होता, बोअरचं पाणी असणार, त्यात तोच साबण दही फुटल्यासारखा व्हायचा, रेझरला उगाच दोष द्याल.

पावसाळ्यात खरी परीक्षा झाली. टेकचं सोपंय, दाढी झाली की तीन तुकडे सुटे, झटकायचे, पंख्याखाली ठेवायचे. बटरफ्लायचं आतलं यंत्र रिव्हेटने बंद, ते उघडता येत नाही, पाणी आणि साबण आतच राहतात आणि जुलैत तर काही वाळतच नाही. फिरकी जड झाली, शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडला, ती सुटली. पण एक दार केसभर वर राहतं ते राहतंच, त्यामुळे एका बाजूने दाढी गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने ओरखडे. ते दार सरळ करायच्या भानगडीत मी पडलो नाही, जबरदस्ती केली की असलं काम अजून बिघडतं. ज्यांना चांगला बटरफ्लाय मिळालाय ते त्याची तारीफ करतात आणि पातं बदलायला तो खरंच सोपा आहे, पण या गावात रोजच्याला तीन तुकड्यांचाच घ्या असं माझं स्पष्ट मत आहे.

टेकबद्दल तक्रारी पण आहेत. बारीक दांडा साबणाच्या हातातून निसटतो. तीन-चार दिवसांची वाढलेली दाढी असेल तर तो तुंबतो, दर दोन हातांनी धुवा. हनुवटीवर माझे केस राठ आहेत, तिथे तीन वेळा फिरवावा लागतो. आणि घाईत असाल तर नकोच, उशीर झाला तर मी सरळ दाढी न करता जातो. विमानाने जाताना पाती हँडबॅगेत ठेवू नका, सिक्युरिटीला काढून घेतात.

चोरबाजारात शुक्रवारी सकाळी रस्त्यावर जुमा बाजार भरतो, एरवीची बरीच दुकानं तेव्हा बंद असतात. रेझर रस्त्यावरच्या ढिगात स्वस्त पडतो, फक्त लवकर जा, ग्रँट रोडवरून चालत. भाव सांगितला की निम्म्यापासून सुरू करा. तीन तुकड्यांपैकी एखादा तुकडा दुसऱ्याच रेझरचा असतो, ते जागेवरच जोडून बघा. वापरलेली पाती सुक्या कचऱ्यात तशीच टाकू नका, कचरा वेगळा करणाऱ्याचा हात कापतो. जुन्या पावडरच्या डब्याला वरून एक फट पाडा, पाती त्यात टाकत जा, भरला की टेप लावून, वर "ब्लेड" लिहून द्या.