गच्चीवर ‘द लायन किंग’: १९९४चा लावावा की २०१९चा?

लेकरं सुट्टीला आजोळी जमली, रात्री गच्चीवर चादर ताणून सिनेमा लावायचं ठरलं आणि डिस्नेच्या सिंहांच्या गोष्टीवर, ‘द लायन किंग’वर, सगळ्यांचं एकमत झालं. आता कुठला लावायचा? हातानं चितारलेला १९९४चा, की संगणकावर हुबेहूब जंगल उभं केलेला २०१९चा? गोष्ट तीच, मुख्य गाणीही तीच. तरी गच्चीवर दोन्ही सारखे चालत नाहीत.

आधी घड्याळ बघा. जुना ८८ मिनिटांचा, नवा ११८. मेच्या मध्यात मराठवाड्यात सूर्य सातच्या सुमाराला मावळतो, पण चादरीवर चित्र उठायला पावणेआठ वाजतात. आठला सुरू करून मध्ये पन्ह्याला दहा मिनिटं सोडली, तरी जुना पावणेदहाच्या आत संपतो. नवा दहाच्या पुढं जातो, आणि रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर वाजवायला बंदी आहे. तोवर निम्मी लेकरं गोधडीवर आडवी झालेली असतात, ते वेगळंच.

पण खरा निकाल लागतो तो उजेडावर. छोट्या घरगुती प्रोजेक्टरच्या खोक्यावर हजारांत ल्युमेन (उजेडाचं माप) छापलेले असतात. त्यातला ‘अँसी’ ल्युमेनचा, म्हणजे ठरलेल्या पद्धतीनं मोजलेल्या उजेडाचा आकडा शोधा. तो बऱ्याचदा दोनशे-तीनशेच निघतो. तेवढ्यात सहा फूट रुंद चित्र झकास दिसतं. हौसेनं दहा फुटांचं केलं, की तोच उजेड जवळजवळ तिप्पट जागेवर पसरतो आणि सगळं धुरकट होतं. अशा चादरीवर जुन्या सिनेमाचे ठळक रंग तग धरतात: लालभडक सूर्य, दुष्ट काका स्कारची काळी आयाळ, त्याच्या गाण्यातला हिरवा उजेड. नव्यात पिवळसर गवतात पिवळसर सिंह उभा असतो आणि हत्तींच्या हाडांच्या प्रसंगात काळोखात काळोख मिसळतो. हाच सिनेमा अंधाऱ्या खोलीत, बऱ्यापैकी टीव्हीवर बघा. आयाळीचा केस न् केस सुटा दिसतो. पूर्ण सिनेमात खऱ्या कॅमेऱ्यानं टिपलेलं दृश्य एकच आहे, सुरुवातीचा सूर्योदय, हे सांगूनही पटत नाही.

चेहऱ्यांचं मात्र टीव्हीवरही जमत नाही. चितारलेल्या सिंहाला भुवया आहेत, ओठ आहेत. बाप मुफासा पडल्यावर छाव्याच्या, सिंबाच्या तोंडावर काय उमटलं ते मागच्या रांगेतल्या आजीलाही कळतं. खऱ्यासारख्या सिंहाला खऱ्या सिंहाइतकंच रडता येतं, म्हणजे येतच नाही. तिथं सगळा भार आवाजावर पडतो.

आवाजाच्या बाबतीत नव्याची बाजू वरचढ आहे. हिंदीत मुफासा शाहरुख खान, सिंबा आर्यन खान, स्कार आशिष विद्यार्थी, राजाचा पक्षी कारभारी झाझू असरानी. सिंबाचे दोस्त, मीरकॅट टिमॉनला श्रेयस तळपदे आणि रानडुक्कर पुंबाला संजय मिश्रा. या जोडगोळीवर लेकरं लोळून हसतात. शिवाय प्राण्यांची तोंडं जेमतेम हलत असल्यानं हिंदी बोल ओठांशी जुळत नाहीत हे खटकत नाही. जुन्यात ओठ इंग्रजी शब्दांवर चितारलेले आहेत, त्यामुळं हिंदीत थोडी विसंगती दिसते. लेकरांना तिचं काही वाटत नाही, मोठ्यांना वाटतं.

गाण्यांसाठी बघणार असाल, तर जुनाच. एल्टन जॉनच्या चाली आणि टिम राइसचे शब्द दोन्हीकडं आहेत, हान्स झिमरचं पार्श्वसंगीतही. पण स्कारचं ‘बी प्रिपेअर्ड’ नव्यात आखूड झालंय आणि निम्मं बोलल्यासारखं म्हटलंय. सिंबा आणि त्याची मैत्रीण नाला यांचं प्रेमगीत ‘आजच्या रात्री’चं, आणि नव्यात ते चक्क दिवसाउजेडी चालतं! बियॉन्सेचं ‘स्पिरिट’ हे नवं गाणं आलंय, त्यानं ही भरपाई होत नाही.

नव्यातला एक तुकडा मात्र आपल्याकडच्या लेकरांसाठीच असल्यासारखा आहे. सिंबाच्या आयाळीचा झुपका वाहत, उडत जिराफाच्या पोटात जातो, शेणातून बाहेर पडतो, शेणकिडा त्याचा गोळा ढकलत नेतो आणि शेवटी मुंग्यांकरवी तो म्हाताऱ्या माकडापर्यंत, रफिकीपर्यंत पोचतो. जुन्यात हे काम वारा क्षणात उरकतो. शेतातल्या पोरांनी शेणकिडा पाहिलेला असतो. ती इथं ओरडतातच.

आता बिघडतं कुठं, ते. मोबाईलवरून प्रोजेक्टरला चित्र पाठवलं, की अनेकदा आवाज येतो आणि पडदा काळा राहतो. हे कॉपी-संरक्षण असतं, म्हणजे सिनेमाची नक्कल होऊ नये म्हणून चित्र अडवलेलं असतं; वायर बदलून उपयोग नाही. टीव्हीत लावायची अँड्रॉइड स्टिक थेट प्रोजेक्टरला जोडा आणि सिनेमाचं ॲप तिच्यावर चालवा. भाषेच्या यादीत हिंदी आहे का ते दुपारीच तपासा. फुल एचडीला तासाला दोन जीबीच्या आसपास नेट लागतं. रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक सिनेमा संपण्याआधीच आटपतो, आणि नव्याला तर दोन-तीन माणसांचे हॉटस्पॉट लागतील. ब्लूटूथ स्पीकरवर आवाज किंचित मागं पडतो, म्हणून साधी ऑडिओ वायर घ्या. लाइट जाण्याचा भरवसा नसेल तर प्रोजेक्टर इन्व्हर्टरच्या बोर्डावर घ्या. छोट्या प्रोजेक्टरचा भार घरच्या इन्व्हर्टरला पेलतो. राउटर किंवा हॉटस्पॉटचा फोनही त्याच बोर्डावर असू द्या, नाहीतर चित्र राहतं आणि नेट जातं. चादर एकेरी असेल तर उजेड पलीकडं निसटतो. दुहेरी करा आणि खालच्या काठात बांबू ओवा, म्हणजे वाऱ्यानं मुफासाचं पोट फुगत नाही.

अगदी लहान लेकरू असेल तर जुन्यात साधारण पस्तिसाव्या मिनिटाला त्याला मांडीवर घ्या. मुफासाचा मृत्यू तिथं आहे. पन्हं लगेच वाटू नका. ओंडक्यावरून चालता चालता सिंबा मोठा होतो, तिथं सिनेमा थांबवा.