धार मारून घेतली, तेव्हा कुठं हत्यार जमलं

माझ्याकडं वर्षाला वीस-पंचवीस हलग्या आणि दोन-चार डफ मढवायला येतात. जत्रांचे दिवस जवळ आले की घाई विचारू नका. इतकी वर्षं बोकडाचं कातडं वडिलांच्या रापीनंच खरवडत आलो. रापी कापायला आणि कडा पातळ करायला उत्तम, पण अख्खं कातडं तिनं साफ करायचं म्हणजे मनगट जातं आणि कुठंतरी चीर पडतेच. म्हणून यंदा दोन मुठींचं खरवडायचं हत्यार करून घेतलं. कातडी कमावणाऱ्यांकडं असतं तसलंच, पण बोकडाच्या मापाचं. त्यांचं म्हशीच्या कातड्यासाठी असतं, ते माझ्या हाताला अवजड.

बाजारतळाशेजारी खुरपी-विळे करणारा एक लोहार बसतो. भंगारातनं ६ मिलिमीटर जाडीचा जीपचा कमानपाटा, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगची पट्टी, घेतला आणि त्याच्याकडं गेलो. पातं १४ इंच, दोन्हीकडं मुठीसाठी शेपट्या, धार आतल्या बाकाला, आणि ज्या ओंडक्यावर कातडं टाकून खरवडतो त्याच्या गोलाईपेक्षा बाक जरा उताणा. म्हणजे पातं मधेच टेकतं, कोपरे रुतत नाहीत. मजुरी ७०० रुपये ठरली, पाटा माझा.

पहिलं हत्यार फसलं, हे आधीच सांगतो. त्यानं खुरप्यासारखं लाल करून सरळ पाण्यात बुडवलं. तिसऱ्याच कातड्याला धारेचा तांदळाएवढा टवका उडाला, आणि त्या दात्यानं पाठीवर वीतभर रेघ ओढली. ती हलगी गेली. परत घेऊन गेलो तर कुरकुर न करता त्यानं भट्टी पेटवली, एवढं त्याचं मानलं पाहिजे. या वेळी मी घरनं चुंबक नेलं होतं. पोलाद तापत तापत साधारण ७७० अंशांवर गेलं की चुंबक धरत नाही. तिथून जरा पुढं नेऊन पातं जळक्या ऑइलमध्ये बुडवलं. मग कानशीनं एक पट्टा उजळला आणि ठिसूळपणा जावा म्हणून पातं हलक्या आचेवर धरलं. पिवळा, तपकिरी, जांभळा असे रंग धावत येतात, जांभळ्याला थांबवलं. निळ्यापर्यंत जाऊ द्यावं का यावर आमची हुज्जत झाली, मी हटलो नाही.

खरी मजा धारेवरून झाली. त्यानं अभिमानानं कागद कापून दाखवला. मी म्हटलं, आता ही धार मारा. तो बघतच राहिला. "मग लोहार कशाला पायजे तुमाला?" भात्यापाशी बसलेली त्याची बायको म्हणाली, "खरवडायचं म्हणत्यात त्ये, कापायचं न्हाई." कोपरे गोल केले, सहाणेवर धार बोथट केली. माझं माप एकच: पातं नखावरून ओढलं की पांढरा भुगा निघाला पाहिजे, पण अंगठा फिरवला तर कापता कामा नये.

आता कामाचं. कातडं चुन्याच्या पाण्यात चार-पाच दिवस मुरलं की केस चिमटीनं सुटतात. ते या पात्याच्या दोन-तीन ओढींत ढिगानं उतरतात. मग उलटून मांसाची बाजू. तिथला पातळ पापुद्रा राहिला तर हलगी बद्द बोलते, कितीही शेकली तरी. पूर्वी त्याला माझी अर्धी सकाळ जायची, आता दीड तासात काम होतं. मानेकडं आणि कण्यावर जोर लावायचा, पोटाकडं नुसतं पात्याचं वजन ठेवायचं. पोटाचं कातडं पातळ, तिथं घाई केली की भोक.

मुठी मात्र कच्च्या. बाभळीची लाकडं तापल्या शेपटीवर नुसती ठोकून बसवलीत. चुन्याचं पाणी लागलं आणि डावी मूठ आठवड्यात हलायला लागली. मीच तारेचे वेढे घातले. मुठी सुताराकडनं वेगळ्या करून घ्या, लोहाराच्या भरवशावर राहू नका. नाहीतर पाचपैकी साडेचार दिले असते, आता चार.

आणि दुसऱ्याला वापरायला देऊ नका. शेजारगावचा डफवाला "बघून आणतो" म्हणून घेऊन गेला, त्याला आज बारा दिवस झाले.