चेंडू पडतो की सरकवला जातो? एआय व्हिडिओ सेवांची पारख

सोरा, व्हिओ यांसारख्या, लिहिलेल्या वर्णनावरून व्हिडिओ बनवणाऱ्या एआय सेवांची चित्रं देखणी असतात, त्यात वादच नाही. शंका आहे ती त्यांच्या ‘हुबेहूब भौतिकशास्त्रा’बद्दल. आत गुरुत्वाकर्षणाचा हिशेब करणारं इंजिन बसवलंय, असं बऱ्याच जणांना वाटतं. ब्लेंडर या थ्रीडी अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये ते खरंच असतं: गुरुत्वाकर्षण ९.८१, वस्तूचं वजन, घर्षण, सगळं आकड्यांत. सोराची रीत वेगळी. ती बनवणाऱ्या ओपनएआयने फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितलं त्याप्रमाणे व्हिडिओचे बारीक तुकडे पाडायचे आणि सिग्नल नसलेल्या टीव्हीवर दिसतात तशा नुसत्या मुंग्यामुंग्यांतून पायरीपायरीने चित्र साफ करत न्यायचं. काच फुटण्यासारख्या साध्या गोष्टी नीट जमत नाहीत, हेही त्यांनी तेव्हाच कबूल केलं होतं.

नवी आवृत्ती आली की ही चाचणी घ्या. चेंडू हातातून सोडायला सांगा. कॅमेरा स्थिर, बाजूने, स्लो मोशन नको, असं स्पष्ट लिहा. व्हिडिओ व्हीएलसी या प्लेअरमध्ये उघडा आणि ‘ई’ दाबत एकेक फ्रेम पुढे सरका. सेकंदाला २४ फ्रेम असतील, तर १.२ मीटरवरून सुटलेला चेंडू साधारण १२ फ्रेममध्ये जमिनीला टेकायला हवा. दर चार फ्रेमला चेंडूच्या मध्यावर खूण करा आणि पट्टीने मोजा. अंतरं १, ३, ५ या प्रमाणात वाढली पाहिजेत. मोजणी मात्र हात सुटला त्याच फ्रेमपासून, नाहीतर प्रमाण बिघडतं. तिन्ही अंतरं सारखीच आली, तर चेंडू पडत नाहीये, खाली सरकवला जातोय.

दुसरी चाचणी पाण्याची. काचेच्या बाटलीतून पेल्यात पाणी ओतायला सांगा. धार, थेंब, चकाकी झकास येते. पण पेला भरला तरी बाटलीतली पातळी जागची हलत नाही, असं सर्रास होतं. किती पाणी गेलं याची वही आत कुणी ठेवतच नाही.

एकदा चेंडू बरोबर पडला म्हणून नियम कळला, असंही नाही. टिकटॉकवाल्या बाइटडान्सच्या संशोधकांनी २०२४ मध्ये साध्या चेंडूंच्या व्हिडिओंवर मॉडेल शिकवून पाहिलं. शिकवलेल्या वेगांच्या बाहेर गेलं की गणित कोसळायचं, आणि जुळणारं उदाहरण शोधताना मॉडेल वेगाआधी रंग बघायचं!

पाऊस, धूर, लाटा यांसाठी पैसे खुशाल द्या. तिथे डोळा मोजमाप करत नाही. विज्ञानाचा धडा किंवा यंत्राचं प्रात्यक्षिक यांसाठी मुळीच नको, ते ब्लेंडरमध्येच करा. चुकलेला चेंडू प्रॉम्प्ट (लिहून दिलेली सूचना) लांबवून सुधारेलच असं नाही; पुन्हापुन्हा काढून त्यातल्या त्यात बरा निवडावा लागतो, आणि क्रेडिट दर खेपेला कापले जातात.