मानसशास्त्राच्या प्रकल्पासाठी विवेक घ्यावा की श्रद्धा?

खानापूरची माझी भाची मानसशास्त्रात एम.ए. करतेय. प्रकल्पासाठी विवेकनिष्ठ उपचारपद्धती घ्यावी की लोकांची श्रद्धा, यावर तिचं अडलंय.

मोजमापात पहिली बाजू सरस. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसने 1950 च्या दशकात मांडलेल्या या विवेकनिष्ठ पद्धतीत घटना, समजूत आणि परिणाम वेगवेगळे लिहून काढतात. ‘नापास झाले म्हणजे मी कुचकामी’ ही समजूत नेमकी पकडता येते, तपासता येते. श्रद्धेचं तसं नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सचा 1902 चा धार्मिक अनुभवांवरचा ग्रंथही लोकांनी स्वतः सांगितलेल्या अनुभवांवर उभा आहे. मुलाखती घ्या, त्या उतरवून काढा. वेळ बराच जातो.

पण माणूस बोलता करण्यात दुसरी बाजू भारी. कर्नाटकातल्या सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्मा देवीची ओटी भरून आलेली बाई ‘मन हलकं झालं’ म्हणते, तेव्हा तिच्यापुढे घटना-समजूत-परिणामाचा तक्ता ठेवला तर ती गप्पच होईल. त्यात ती मराठीत सांगणार, तिची शेजारीण कन्नडमध्ये. दोन्ही कान उघडे हवेत. तिचा अनुभव अंधश्रद्धा म्हणून झटकणं मला अशास्त्रीय वाटतं.

परीक्षेची चिंता, राग असे विषय आणि मुदत जवळ असेल तर एलिस. शोक, दीर्घ आजार समजून घ्यायचा असेल आणि हाताशी वेळ असेल तर श्रद्धा. भाचीला शोकावरच काम करायचंय, तिनं दुसरी बाजू घ्यावी.