जर्मनीतले युक्रेनियन: कलम 24 की ब्लू कार्ड?
जर्मन वास्तव्य कायद्याच्या कलम 24 खाली युद्धामुळे आलेल्या युक्रेनियनांना मिळणाऱ्या तात्पुरत्या संरक्षणात कुठलीही नोकरी चालते, पगाराची अट नाही. मुदत 4 मार्च 2027 पर्यंत वाढली आहे. त्यापुढचा भरवसा मात्र या संरक्षणात नाही.

ब्लू कार्डला, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांच्या वास्तव्य परवान्याला, मान्य पदवी लागते आणि पगारही: 2025 साली वर्षाला 48,300 युरो, तुटवड्याच्या व्यवसायांत 43,759.80. त्याबदल्यात फायदा मोठा आहे. ब्लू कार्डवर पेन्शनचे हप्ते भरत 27 महिने झाले, किंवा जर्मन भाषा बी1 म्हणजे मध्यम पातळीची असेल तर 21, की कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो.

खरी अडचण ब्लू कार्डसाठी लागणाऱ्या वैध पासपोर्टची. लष्करी नोंदणी अद्ययावत नसलेल्या 18 ते 60 वयाच्या पुरुषांचं युक्रेनच्या वकिलातीत पासपोर्टचं काम अडतं. म्हणून आधी पासपोर्टची तारीख बघा, आणि ब्लू कार्ड हातात पडेपर्यंत कलम 24 सोडू नका.