टेफल सर्टिफिकेट, थायलंडची नोकरी आणि माझे १,८५,९४९ रुपये

एक लाख पंच्याऐंशी हजार नऊशे एकोणपन्नास. जून ते सप्टेंबर २०२५ या काळात सहा वेळा पैसे गेले आणि सहाही वेळा मी ते स्वतःच्या हाताने पाठवले. घराबाहेर कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण गेल्या आठवड्यात थायलंडमध्ये इंग्रजी शिकवायच्या नोकरीची तीच जाहिरात पुन्हा समोर आली. नाव नवीन, फोटो तेच, ‘नोव्हेंबर बॅच’च्या जागी ‘मे बॅच’. थायलंडच्या शाळांचं वर्ष मेच्या मध्यावर सुरू होतं, म्हणजे आता पुढची माणसं गोळा करणं चालू आहे. म्हणून लिहितेय.

मी एम.ए. इंग्रजी, बी.एड. अकरा वर्षं शिकवतेय. आधी कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर, आता तालुक्याच्या गावी खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. हातात १३,५०० येतात, मे महिन्याचा पगार नाही. २०२५ च्या मे-जूनमध्ये शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी देऊन बसले होते. ती भरती ज्यावरून होते त्या सरकारी पवित्र पोर्टलची वाट बघणं म्हणजे काय, हे ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. ‘लोभ सुटला म्हणून फसलात’ असं मला दोघांनी तोंडावर ऐकवलं. मला लोभ नव्हता. मला माझ्या कामाचा पगार हवा होता.

जाहिरातीत होतं ते असं: १२० तासांचा ऑनलाइन टेफल कोर्स, म्हणजे ज्यांची भाषा इंग्रजी नाही त्यांना इंग्रजी कसं शिकवायचं याचं प्रशिक्षण. पुढे थायलंडमध्ये नोकरीची हमी, महिना ३५,००० बाथ. रुपयांत नव्वद हजारांच्या आसपास. हे धडधडीत खोटं असतं तर मी ओलांडून पुढे गेले असते. अडचण अशी की त्यात बरंच खरं होतं. कोरियाचा इंग्रजी शिक्षकांचा व्हिसा मुख्यतः सात इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांसाठी असतो, हे खरं. थायलंडमध्ये मात्र फिलिपिन्सचे पुष्कळ शिक्षक इंग्रजी शिकवतात, आपलेही आहेत, हेही खरं. मातृभाषा इंग्रजी नसेल तर तिथे टोइक या इंग्रजीच्या परीक्षेत साधारण ६०० गुण मागतात, तेही त्यांनी बरोबर सांगितलं. मी चार ठिकाणी वाचून ताडून पाहिलं. माहिती खरी निघाली, म्हणून माणसंही खरी असतील असं धरलं.

१४ जूनला १४,९९९ भरले. पाच दिवसांनी समजलं की त्यात फक्त पीडीएफ मिळते. होलोग्राम असलेली, ‘आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त’ छापील प्रत हवी तर ८,८५० वेगळे. भरले. पावतीवर १८ टक्के जीएसटी लावलेला, पण जीएसटी क्रमांक कुठेच नाही. बघा, पावती हातात आली की आधी तो क्रमांक शोधा आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून पाहा. दोन मिनिटांचं काम आहे. त्यांच्या कागदांवर ‘भारत सरकार नोंदणीकृत’ असंही होतं, खाली उद्यम नोंदणीचा, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक. ती नोंदणी कुणीही फुकट, स्वतःच्याच घोषणेवर करू शकतो. सरकारने त्यांचा कोर्स तपासलाय असा तिचा अर्थ होत नाही.

आता ती जागा, जिथे मला थांबायला हवं होतं.

शेवटचा स्वाध्याय पाठ नियोजनाचा होता. थायलंडमधली पाचवी, पंचेचाळीस मिनिटांचा तास. मी साधा भूतकाळ घेतला. थाई भाषेत क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही. काल, आधी, झालं अशा शब्दांवरून काळ कळतो. आपल्या मुलाला निदान ‘जातो’चं ‘गेला’ होतं हे अंगात भिनलेलं असतं, म्हणून ते ‘आय डिड वेन्ट’ अशी दुहेरी चूक करतं. थाई मूल ‘यस्टर्डे आय गो’ म्हणून मोकळं होईल, आणि त्याच्या भाषेच्या हिशोबाने ते बरोबरच असेल. म्हणजे माझी इथली शिकवण्याची पद्धत तिथे कामाची नव्हती. मी नऊ रात्री बसले. घड्याळ, कॅलेंडर, फळ्यावर काळाची रेघ, मुलांनी आपापला कालचा दिवस सांगायचा. चौदा पानं झाली. मुलगा झोपल्यावर रात्री ११ वाजून ४८ मिनिटांनी पाठवलं.

११ वाजून ५२ मिनिटांनी गुण आले. शंभरपैकी ९६. खाली अभिप्राय: भाज्यांची चित्रं आकर्षक होती, गटकार्य उत्तम.

माझ्या पाठात एकही भाजी नव्हती.

मी वह्या तपासणारी बाई आहे. बावन्न वह्यांच्या गठ्ठ्यात दोघांचं एक वाक्य सारखं दिसलं की कुणी कुणाचं उतरवलं ते मला अक्षरावरून सांगता येतं. चौदा पानं चार मिनिटांत वाचून होत नाहीत हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? तरी मी स्वतःला समजावलं. सॉफ्टवेअर तपासत असेल. दुसऱ्या कुणाचा अभिप्राय चुकून माझ्या पानावर आला असेल. खरी गोष्ट ही की ते ९६ गुण मला हवे होते. अकरा वर्षांत माझं शिकवणं कुणी वाचलं नव्हतं, त्यावर कुणी काही लिहिलं नव्हतं. मी नवऱ्याला उठवून ते गुण दाखवले. भाज्यांचं सांगितलं नाही. त्या रात्रीपर्यंत २३,८४९ गेले होते. तिथे थांबले असते तर १,६२,१०० वाचले असते. हा आकडा मी रोज रात्री मनात मांडते.

टेफल ही कुण्या एका संस्थेची पदवी नाही, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. १२० तासांचं सर्टिफिकेट कुणीही छापू शकतं, आणि त्याला मान्यता देणाऱ्या संस्थाही बहुतेक खासगीच. ज्याला जगभर वजन आहे तो केंब्रिजचा सेल्टा हा इंग्रजी शिक्षकांचा कोर्स. त्यात सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवावं लागतं आणि प्रशिक्षक वर्गात बसून बघतो. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या सर्टटेसॉल कोर्समध्येही तसंच. आपल्याकडे हैदराबादच्या इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटीचा इंग्रजी शिक्षकांसाठीचा दूरशिक्षणाचा कोर्स आहे. ज्या कोर्समध्ये एकही जिवंत विद्यार्थी तुमच्यासमोर बसत नाही, तो कोर्स शिक्षक घडवत नाही. बी.एड.चे सराव पाठ दिलेल्या मला हे दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

पुढचं भराभर झालं. २२,००० मुलाखतीच्या तयारीचे आणि प्लेसमेंट नोंदणीचे. मुलाखत बारा मिनिटांची, समोरच्याचा कॅमेरा बंद. मग ३१,५०० पदवीच्या कागदपत्रांना थायलंडसाठी शिक्के मारून आणायचे. मी स्कॅन पाठवले, आठवड्याने शिक्के मारलेल्या प्रतीचा फोटो आला. छान अपोस्टिलचं, म्हणजे करारातल्या देशांत कागद चालावा म्हणून सरकार लावतं ते स्टिकर होतं. एक तर थायलंड तेव्हा अपोस्टिलच्या करारातच नव्हता. तिथल्यासाठी परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का आणि वर दूतावासाचा, असा मार्ग असतो. आणि दुसरं, त्याहून साधं: मूळ पदवी माझ्या कपाटात होती. मग शिक्का बसला कशावर? कपाट उघडून मूळ प्रत हातात घेतली, तीवर काही नाही हे डोळ्यांनी पाहिलं, आणि ‘डिजिटल पद्धत असेल’ म्हणून परत ठेवून दिली.

ऑगस्टमध्ये ऑफर लेटर आलं. शाळेचं चिन्ह, सही, शिक्का, आणि पहिल्याच ओळीत ‘यू आर कॉर्डिअली इन्व्हाइट’. मी पेन्सिलीने त्याला ‘ड’ची शेपटी लावली. थाई माणसांचं इंग्रजी कच्चं असणार, म्हणून तर त्यांना शिक्षक हवेत, असं वाटलं. जागा राखून ठेवायला ६०,००० ‘परत मिळणारं डिपॉझिट’ मागितलं. त्यासाठी सासूबाईंनी दिलेल्या पाटल्या पतसंस्थेत ठेवल्या. ३ सप्टेंबरला व्हिसा आणि वर्क परमिटचे ४८,६००. दोन खाती, दोन्ही माणसांच्या नावांची बचत खाती, कंपनीचं चालू खातं एकही नाही. विचारलं तर ‘मॅम, अकाउंट्स टीमचं आहे’.

२४ सप्टेंबरला आरोग्य विम्याचे म्हणून आणखी ३५,००० मागितले, तेव्हा नवरा म्हणाला, ‘एकदा शाळेलाच फोन लाव ना.’ तोवर मी ते केलं नव्हतं, कारण लेटरवर क्रमांक होता आणि त्यावरून उत्तरं येत होती. शाळेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा क्रमांक वेगळा निघाला. तिथल्या शिक्षिकेने शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, आमच्याकडे अशी जागा नाही, हे पत्र आमचं नाही, माफ करा. तिचं इंग्रजी अगदी स्वच्छ होतं. त्या लेटरातली चूक थाई माणसाची नव्हतीच.

आता पोलिसांचं. पहिल्या दिवशी साहेब नवरात्राच्या बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी अर्ज घेतला, पोच दिली नाही. तिसऱ्यांदा गेले तर माझ्याच वर्गातल्या मुलीचे वडील बाकावर बसलेले, त्यांच्यासमोर हवालदार म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही इंग्लिशच्या ना? मग तुम्हाला कसं कळलं नाही?’ मग सांगितलं, ऑनलाइन प्रकरण आहे, जिल्ह्याला सायबरकडे जा. एस.टी.ने जायला दीड तास. तिथे म्हणाले, नोकरीचं आमिष म्हणजे साधी फसवणूक, तुमच्याच ठाण्यात नोंदवा. परत इकडे, तर ‘खातं परराज्यातलं, आमची हद्द नाही’. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. मी ते कलम छापून नेलं होतं. त्यांनी न वाचता टेबलावर पालथं ठेवलं. पाच खेपा झाल्या, प्रत्येक खेपेला शाळेने पगार कापला. ११ नोव्हेंबरला पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने सगळं पाठवलं. वीस दिवसांनी उत्तर आलं: आपला अर्ज उचित कार्यवाहीसाठी संबंधित पोलीस ठाण्याकडे वर्ग करण्यात आला आहे. म्हणजे त्याच टेबलाकडे.

बँक म्हणते, तुम्हीच पिन टाकलात. ज्यांच्याकडे पैसे गेले ती बँक म्हणते, पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात, गुन्हा दाखल झाल्यावर पत्र देऊ. गुन्हा कधी दाखल होणार याचं उत्तर कुणी देत नाही. आणि एक अधिकारी मला म्हणाले, ‘तिकडे गेला नाहीत हेच नशीब समजा.’ थायलंडच्या नोकरीच्या नावाखाली लोकांना म्यानमारच्या सायबर अड्ड्यांवर डांबतात, मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानाने थायलंडच्या सीमेवरच्या माए सोतहून शेकडो भारतीयांना परत आणावं लागलं, हे मला माहीत आहे. तसं माझं झालं नाही याचं समाधान मला आहेच. पण मी ठाण्यात नशीब मोजायला गेले नव्हते, तक्रार द्यायला गेले होते.

तुम्हाला असं काही झालं तर आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा, त्याच दिवशी, त्याच तासाला. पैसे खात्यातून पुढे सरकायच्या आत गोठवले गेले तरच हाती लागतात. मी तीन आठवड्यांनी केला, तेव्हा तक्रार क्रमांक तेवढा मिळाला. चॅट पुसू नका, रागाच्या भरात त्यांना ब्लॉक करू नका, स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा. परदेशी नोकरी लावून देणाऱ्या एजंटाची १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते, ती परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर कुणालाही दिसते, आणि नोंदणीकृत एजंटालाही ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. टूरिस्ट म्हणून जा, व्हिसा तिथे बदलू, असं कुणी म्हणालं तर तिथेच बोलणं थांबवा. पर्यटक म्हणून गेलेल्याला तिथे शिकवायची परवानगी नाही. पकडले जाल तुम्ही, एजंट नाही.

पाटल्यांचं व्याज दरमहा भरतेय. सासूबाईंनी एकदाही विचारलं नाही, त्याचा त्रास जास्त होतो.

एक गोष्ट लिहायची राहिली, आणि ती लिहिताना हात जड होतोय. जुलैत ते ९६ गुण मी स्टाफरूममध्येही दाखवले होते. माझ्या एका सहकारी शिक्षिकेने ते पाहून त्याच कोर्सला १४,९९९ भरले. तिचा पगार माझ्यापेक्षा कमी आहे. ती मला एका शब्दाने बोलली नाही, पैसेही मागितले नाहीत. मी तिला महिन्याला २,००० देतेय. ती नको म्हणते, मी तिच्या कपाटात पाकीट ठेवून येते. या महिन्याच्या ५ तारखेला तिसरं ठेवलं.